कोळी चावला असे वाटते? आधी हे तपासा

सकाळी उठल्यावर हातावर लाल चट्टा किंवा पाण्याने भरलेले फोड दिसले, की घरात पहिले वाक्य येते: 'रात्री कोळी चावला' किंवा 'कोळी अंगावर मुतला'. वांद्र्याच्या दवाखान्यात पावसाळ्यात असे रुग्ण नेहमी येतात. चावताना कोळी पाहिलेला मात्र क्वचितच कोणी असतो. कोळी समजून घरगुती उपाय करण्यात खऱ्या आजाराचे उपचार लांबतात. धोका तिथे आहे.

घरातला कोळी किती विषारी?

बहुतेक सर्व कोळ्यांमध्ये विष असते, पण ते किडे मारण्यापुरते. भिंतीवरचा मोठा, लांब पायांचा कोळी चावला तर गांधीलमाशीसारखी वेदना व सूज येते आणि एक-दोन दिवसांत उतरते. कोळ्याच्या लघवीने फोड येत नाहीत.

'ब्लॅक विडो'च्या कुळातले कोळी भारतात आहेत, पण त्यांचा दंश दुर्मिळ आहे. त्यात तासाभरात पोटात व पाठीत जोराचे गोळे येतात, खूप घाम येतो. अशा वेळी रुग्णालयात वेदनाशामक व स्नायू सैल करणारी औषधे देतात. 2012 मध्ये आसाममधील सदिया भागात कोळी चावून दोन मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले, हे सिद्ध झाले नाही.

मग ते काय असू शकते?

* नागीण: शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात फोड आणि आग, कधी फोडांआधीच दुखणे. गोळ्या शक्यतो 72 तासांत सुरू व्हाव्या लागतात. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी दाखवा.
* किड्याचा दाह: ट्यूबलाइटकडे येणारा केशरी-काळा, मुंगीसारखा लांबट किडा अंगावर चिरडला, की दुसऱ्या दिवशी ओरखड्यासारखी लाल रेघ व फोड येतात.
* त्वचेखालील जंतुसंसर्ग: पसरत जाणारी लाली, गरमपणा, ताप. मधुमेह असल्यास थांबू नका.
* स्क्रब टायफस: ताप आणि न दुखणारी काळी खपली. वेळेत निदान झाले तर डॉक्सिसायक्लिनने बरा होतो.
* मण्यार: जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दंश जवळजवळ दुखत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे असतील तर कोळ्याचा विचार सोडा आणि रुग्णालय गाठा.

काय करावे?

1. जागा साबण-पाण्याने धुवा.
2. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे लावा.
3. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, खाज असेल तर सेटिरिझिन (नेहमीची औषधे किंवा इतर आजार असतील तर डॉक्टरांना विचारून).
4. लालीच्या कडेने पेनाने रेघ काढा. रेघेबाहेर पसरली तर दाखवा.
5. धनुर्वाताचे इंजेक्शन बाकी असल्यास घ्या.

काय करू नये?

ब्लेडने चिरा, तोंडाने ओढणे, घट्ट बांधणे, चुना किंवा टूथपेस्ट लावणे, सगळे टाळा. केमिस्टकडून स्टिरॉइडचे मलम विचारल्याशिवाय लावू नका. जंतुसंसर्ग असेल तर तो वाढतो.

'विषावरचे इंजेक्शन द्या'

ही मागणी नातेवाईक हमखास करतात. आपल्याकडची सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी आहे. कोळ्याच्या विषावर ती चालत नाही, उलट तिची रिअॅक्शन येऊ शकते.

ताबडतोब कधी जावे?

श्वास लागणे, चेहरा किंवा ओठ सुजणे, पापण्या मिटणे, पोटात गोळे, चक्कर, किंवा लहान मूल सतत रडणे. 108 ला फोन करा किंवा भाभा रुग्णालयासारख्या जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. किडा सापडला तर मोबाइलवर फोटो काढा. तो पकडण्यात वेळ घालवू नका.