कलशातली पेनी

लक्ष्मीपूजनाला कलशात सुपारीबरोबर नाणं टाकायचं असतं. रुपया सापडला नाही की इथे आपण पाकिटातली पेनी टाकतो. यंदा टाकण्याआधी तिला फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघा. मुलांनाही बोलवा, त्यांना मजा वाटेल. चिकटली तर ती पोलादाची, वर तांब्याचा नुसता मुलामा. नाही चिकटली तर ती सप्टेंबर १९९२ मधल्या बदलाच्या आधीच्या घडणीची: वजन ३.५६ ग्रॅम, त्यात ९७ टक्के तांबं, बाकी जस्त आणि कथील.

अशा २९० पेन्यांत एक किलो तांबं भरतं. म्हणजे नाणी दोन पाउंड नव्वद पेन्सची, आणि किलोला सात पाउंड भाव धरला तर धातू सात पाउंडांचा! पण मूस शोधायला धावू नका. १९७१ च्या कॉइनेज ॲक्टनुसार परवान्याशिवाय चलनातलं नाणं वितळवणं गुन्हा आहे.

पूर्वी असा फरक पडू नये अशीच अपेक्षा असे. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने १७९७ साली आपल्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडलेली पेनी चक्क एका औंसाची होती, आजच्या पेनीच्या जवळजवळ आठपट. पेनीत पेनीभर तांबं हवं, हा हिशेब. पुढे तांबं महागलं आणि लोकांनी त्या वितळवल्या.

याच बोल्टनने त्याआधी, १७९१ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसे पाडले होते. पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई चालू होती, आणि मुंबईच्या बाजारातला पैसा बर्मिंगहॅमहून जहाजाने येत होता. आपण मात्र उलट दिशेने आलो! त्या पैशावर तराजू आहे आणि पारड्यांच्या मधे फारसी लिपीत ‘अद्ल’, म्हणजे न्याय. आपली ‘अदालत’ त्याच घराण्यातली. व्यापारी कंपनीने न्यायाचा तराजू मिरवावा, यावर काय बोलायचं?

दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा, १९४३ मध्ये, हिंदुस्थानातल्या पैशाला मधोमध भोक पडलं. घरी आजी-आजोबा असतील तर ‘भोकाचा पैसा’ आठवतो का, विचारा. त्याच वर्षी अमेरिकेने जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पेनी काढली.

तर कलशासाठी ‘न्यू पेनी’ अशी अक्षरं असलेलं नाणं शोधा. १९७१ ते १९८१ सालचं ते हमखास तांब्याचं. पोलादी पेनीचा मुलामा कुठे खरचटला असेल, तर पाण्यात ती तिथून गंजते.