सूर राखणारे लोक : फादर मार्टिन श्मिद यांचें चरित्र

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देऊळ बांधणाऱ्यांचें आपण कृतज्ञतेनें स्मरण करितों. परंतु त्या देवळांत सूर भरणाऱ्यांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. म्हणून एका अल्पपरिचित धर्मगुरूचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

फादर मार्टिन श्मिद यांचा जन्म स्वित्झर्लंडांतील बार या गांवीं २६ सप्टेंबर १६९४ रोजीं झाला. १७१७ सालीं ते येशूसंघांत दाखल झाले व १७२६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढें ते जहाजानें ब्यूनॉस आयरिस येथें उतरले आणि खुष्कीचा लांबचा प्रवास करून १७३० सालीं चिकितोस प्रांतीं पोहोंचले. हा प्रांत आज बोलिव्हिया देशांत मोडतो.

तेथील ज्या गांवीं त्यांनीं कामास आरंभ केला, त्याचें नांव सान हावियेर. जुन्या गोव्यांत ज्यांचा पवित्र देह विसांवला आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचेंच हें नांव होय! गायन शिकवावयाचें तर वाद्यें हवींत. तीं युरोपांतून आणावयाचीं तर समुद्र व अरण्यें ओलांडावयास हवींत. तेव्हां फादरांनीं स्वतःच सुताराचीं हत्यारें हातीं घेतलीं. त्यांनीं व्हायोलिनें केलीं, ऑर्गन घडविले. जी कला पूर्वीं कोणापाशीं शिकले नव्हते, ती गरजेपोटीं करतां करतां शिकले. चिकितानो मुलें त्यांच्यापाशीं गाऊं लागलीं, वाजवूं लागलीं व वाद्येंही घडवूं लागलीं.

सान राफाएल, सान हावियेर आणि कोन्सेप्सियोन येथील देवळेंही त्यांनींच उभारलीं. मोठमोठ्या वृक्षांचे कोरीव खांब आणि त्यांवर विस्तीर्ण छप्पर, अशी त्यांची रचना आहे. यांसह त्या प्रांतांतील सहा मिशन-गांवांस १९९० सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

परंतु हें सर्व कार्य स्पॅनिश राजसत्तेच्या छत्राखालीं चाललें होतें, आणि तें छत्र राजानेंच काढून घेतलें. १७६७ सालीं तिसऱ्या कार्लोस राजानें येशूसंघीयांस आपल्या राज्यांतून हद्दपार केलें. सत्तरी उलटलेल्या फादरांस आपलीं माणसें सोडून पुन्हां समुद्रापार जावें लागलें. १० मार्च १७७२ रोजीं लुसर्न येथें त्यांनीं देह ठेविला.

गुरु गेले, मग गाणेंही गेलें काय? नाहीं. गांवच्या गायकांनीं तें सोडिलें नाहीं. जुनी वही झिजली कीं तिची नक्कल करावी आणि बापानें मुलास शिकवावें, असा क्रम त्यांनीं चालू ठेविला. १९७२ सालीं हान्स रोट नामक स्विस वास्तुशिल्पी देवळांच्या जीर्णोद्धारास आले, तेव्हां सान राफाएल व सान्ता आना येथून संगीताचीं ५००० हून अधिक हस्तलिखित पानें हातीं आलीं. आज तीं कोन्सेप्सियोन येथें जतन केलेलीं आहेत. संत झेवियर यांजवरील चिकितानो भाषेंतील एक संगीत नाटकही त्या संग्रहांत आहे.

फादर श्मिद यांनीं देवळें बांधिलीं, वाद्यें घडविलीं. पण त्यांच्या पश्चात् सुमारें दोनशें वर्षें तो ठेवा राखला तो साध्या प्रापंचिकांनीं. आपल्या देवळाच्या गायकवृंदांत वडिलांशेजारीं उभें राहून गाणारें मूल दिसतें, तेव्हां आम्हांस त्या दूरच्या लोकांची आठवण होते. ज्युबिलीची रोषणाई दोन दिवसांत उतरेल. त्या मुलाच्या मुखांतील गीत मात्र पुढच्या ज्युबिलीपर्यंत पोहोंचावें, हीच आमची प्रार्थना.