दोन सुयांचें विणकाम : एका घरगुती छंदाची हकीकत

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाच्या उभारणीची हकीकत यावी, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें यावींत, देणगीदारांची यादी यावी, हें सर्व यथायोग्यच आहे. परंतु वेदीवरील वस्त्राची किनार कोणीं विणली, बाप्तिस्म्याच्या दिवशीं बाळाच्या डोक्यावर असलेलें टोपडें कोणाच्या हातून तयार झालें, याची नोंद कोणत्याही वहींत सांपडत नाहीं. बाप्तिस्म्याच्या वहींत बालकाचें नांव असतें, आईबापांचें असतें, धर्मपित्याचें व धर्ममातेचें असतें. टोपडें विणणारीचें नसतें. आपल्यांतील पुष्कळ वृद्ध भगिनींनीं जो छंद जन्मभर सांभाळला, त्या दोन सुयांच्या विणकामाचा पूर्वेतिहास या थोड्या पानांत सांगण्याचें म्हणूनच योजिलें आहे.

कोणी विचारील कीं, आटगांवास लोकरीचें काय काम? प्रश्न अगदींच गैर नाहीं. वैशाखांत येथील खडक तापले म्हणजे लोकरीच्या नुसत्या दर्शनानेंही घाम फुटतो. तथापि पौषांत पहांटे तानसेच्या खोऱ्यांतून धुकें वर येतें, आणि मुंबईपासून सुमारें ९५ किलोमीटरांवर असलेल्या आपल्या स्टेशनावर पहिल्या गाडीची वाट पाहणारीं माणसें कानटोप्या ओढून उभीं असतात. श्रावणांतल्या संततधारेंत बाळंतिणीच्या खोलींतील ओल ज्यांनीं अनुभवली आहे, त्यांस तान्ह्या मुलाच्या लोकरी मोज्यांचें महत्त्व सांगावयास नको. एवढें झाल्यावरही प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे कीं, येथें लोकरीची खरी गरज फार तर दोन महिन्यांची. आमच्या बायका विणीत बाराही महिने. उरलेल्या दहा महिन्यांचें काय, हाच या लेखाचा विषय आहे.

लोकर आपल्या मुलुखास नवी नव्हे. धनगराच्या मागावरची घोंगडी पावसांत शेतकऱ्याच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहे. मराठी भाषेनें तर विणणें हें एकच क्रियापद कितीतरी कामांस पुरविलें : कोष्टी कापड विणतो, कोळी जाळें विणतो, बाज विणतात, टोपली विणतात. मात्र मागाशिवाय, दोन काड्यांवर, एकाच धाग्याच्या फांसांत दुसरा फांस ओढून वस्त्र तयार करण्याची कला आपल्याकडे बाहेरून आली. ती आल्यावर भाषेनें तिलाही तेंच जुनें क्रियापद देऊन घरांत घेतलें. काड्यांस सुया हें नांव मिळालें, आणि फांसांस टांके. एक सुलट, एक उलट.

या कलेचे सर्वांत जुने नमुने मिसर देशांत मिळाले आहेत. ते सुताचे मोजे आहेत, लोकरीचे नव्हेत; म्हणजे ही विद्या थंड देशांतच उपजली असावी असें मानण्याचें कारण नाहीं. युरोपांत तिचा जुना पुरावा स्पेनमधील बुर्गोस शहराजवळच्या लास वेल्गास या धर्मभगिनींच्या मठांत आहे. तेथें १२७५ सालीं मरण पावलेल्या फेर्नांदो नांवाच्या राजपुत्राच्या थडग्यांत बारीक विणीच्या उशा निघाल्या. मध्ययुगांतील बिशपांचे उपासनेच्या वेळीं घालावयाचे रेशमी हातमोजेही असेच सुयांवर विणलेले असत. तेव्हां आपल्या देवळाशीं या कामाचा संबंध आज-कालचा नाहीं.

पण सर्वांत हृदयंगम साक्ष एका चित्राची आहे. जर्मनींतील बुक्स्टेहूड गांवाजवळच्या एका स्त्रियांच्या मठासाठीं मास्टर बर्ट्राम नांवाच्या चित्रकाराच्या चित्रशाळेंत सन १४०० च्या सुमारास एक वेदीचित्र तयार झालें. तें आतां हँबर्गच्या संग्रहालयांत आहे. त्यांतील एका भागांत पवित्र मरिया बसून विणीत आहे. तिच्या हातीं चार सुया आहेत आणि त्यांवर लहान मुलाचा झगा जवळजवळ पुरा होत आला आहे. गळ्याचें काम तेवढें चाललें आहे. बाल येशू जवळच गवतावर पुस्तक घेऊन पडला आहे. मागून दोन देवदूत येतात, आणि त्यांच्या हातांत क्रूस, भाला, खिळे व कांट्यांचा मुगुट आहे. मुलानें मान वळवून तिकडे पाहिलें आहे. आई सुया चालवीतच आहे.

चित्रकाराच्या मनांत काय होतें, हें योहानकृत शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय वाचणाऱ्यास कळेल. प्रभूच्या ज्या झग्यावर शिपायांनीं चिठ्ठ्या टाकिल्या, त्यास शिवण नव्हती. तो वरपासून सबंध विणलेला होता. त्या काळच्या यहुदी देशांत असलें वस्त्र मागावरच होत असलें पाहिजे. परंतु चित्रकारानें भोंवतालच्या बायकांचें काम पाहिलेलें होतें. दोन सुयांवर विणिलें तर पुढचा व मागचा भाग शेवटीं शिवून जोडावा लागतो. चार सुयांवर गोल विणिलें म्हणजे शिवण उरतच नाहीं. हें ज्यानें जवळ बसून पाहिलें त्यालाच तें सुचावें. आमच्याकडे मोजा विणणाऱ्या कोणत्याही आजीला हें चित्र दाखवावें. ती प्रथम टांके मोजील आणि मग डोळे पुसील.

एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे, कारण ती ऐकून आमच्या पुरुषमंडळींस अचंबा वाटेल. युरोपांतील शहरांत हा धंदा पुष्कळ काळ पुरुषांचा होता. विणकऱ्यांचे संघ होते. उमेदवारी वर्षानुवर्षें करावी लागे आणि परीक्षेस नमुन्याचें काम सादर करावें लागे. इंग्लंडांत १५७१ सालीं असा कायदा झाला कीं, सहा वर्षांवरील प्रत्येकानें रविवारीं व सणाच्या दिवशीं देशांत विणलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे. सरदार-दरकदारांस तेवढी सूट. ‘क्रिस्तपुराण’ रचून मराठी भाषेस ललामभूत झालेले फादर थॉमस स्टीफन्स तेव्हां ऐन पंचविशीच्या आंतले होते व मायदेशींच होते. पुढें १५७९ सालीं ते गोव्यास पोंचले. रविवारच्या त्या सक्तीच्या टोपींतून निसटून ते आमच्या नारळीच्या बनांत आले, ही कल्पना मला नेहमीं गंमतीची वाटत आली आहे. तो कायदा १५९७ सालीं रद्द झाला.

त्यापूर्वींच, १५८९ सालीं, विल्यम ली या इसमानें मोजे विणण्याचें यंत्र शोधून काढिलें होतें. तो स्वतः पाद्री होता असें सांगतात. यंत्राचा प्रसार हळूहळू झाला, पण झाला; आणि हातानें विणून पोट भरणारांचें पोट मारलें गेलें. ज्या कामाला बाजारांत भाव राहिला नाहीं तें काम घरांत आलें, बायकांच्या हातांत आलें. त्यांतली मजुरी गेल्यावर आंत काय शिल्लक आहे हें त्यांनाच प्रथम कळलें.

हिंदुस्थानांत हें विणकाम मुख्यतः मिशनऱ्यांच्या व गोऱ्या अंमलदारांच्या घरच्या बायकांकडून पसरलें. हिमालयांत लाहौलमधील केलाँग येथें मोरावियन पंथाच्या मिशनऱ्यांच्या पत्नींनीं एकोणिसाव्या शतकांत स्थानिक स्त्रियांस मोजे विणावयास शिकविलें. ते मोजे तेथें आजही विणले जातात. ते लोक आपल्या मंडळींतले नव्हत, परंतु चांगल्या कामाचें श्रेय ज्याचें त्यास द्यावें. आपल्या बाजूस हें काम कॉन्व्हेंटच्या शाळांनीं व अनाथालयांनीं केलें. येशू-मरियेच्या धर्मभगिनींचा संघ क्लोदिन तेवेने या बाईनें फ्रान्समधील लियों शहरीं १८१८ सालीं स्थापिला. राज्यक्रांतीच्या धुमाळींत तिच्या दोन भावांचा १७९४ सालीं वध झाला होता. त्या दुःखांतून उठून तिनें निराधार मुली गोळा केल्या व त्यांना रेशीम विणण्याचें काम शिकविलें, म्हणजे त्या कोणाच्या दारीं न जातां जगतील. तिच्या संघाच्या भगिनी १८४२ सालीं आग्र्यास आल्या, आणि शतकाच्या मध्यास मुंबई व पुण्याकडे त्यांचें काम सुरू झालें. लिएज शहरीं १८३३ सालीं स्थापन झालेल्या क्रूसकन्या संघाच्या भगिनींनींही पुढें वांद्र्यास शाळा चालविली. वाचन, लेखन व प्रार्थना यांच्या जोडीला शिवण, भरतकाम व विणकाम हें या शाळांचें ठराविक अंग असे.

यांत सर्वच गोड होतें असें मी म्हणणार नाहीं. मुलींच्या हातांत सुया दिल्या म्हणजे त्या गप्प बसतात, हा हिशेबही त्या काळच्या शिक्षणांत होता. माझी मावशी ज्या शाळेंत होती तेथें टांका सुटला तर सबंध ओळ उसवावी लागे व जेवणाची घंटा तोपर्यंत ऐकूं येत नसे. तिला भूगोल आवडे; भूगोलाचा तास आठवड्यांतून एकदां आणि विणकाम रोज. तरी शाळा सुटल्यावर तिनें सुया टाकिल्या नाहींत. शिक्षा म्हणून मिळालेली वस्तु तिनें आपली करून घेतली, आणि वयाच्या ऐशीव्या वर्षींही ती बोलतां बोलतां विणीत असे; सुयांकडे पाहत नसे.

आपल्या भागांत या कामास लागणारें सामान आगगाडीनें आलें. आसनगांवपासून कसाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १ जानेवारी १८६१ रोजीं खुला झाला व १८६५ सालीं थळ घाट ओलांडून गाडी इगतपुरीस गेली. कानपूरची लाल इमली गिरणी १८७६ सालीं निघाली. आपल्या ठाण्यासही १९२५ सालीं लोकरीच्या कापडाची गिरणी उभी राहिली, तीच पुढें रेमंड या नांवानें प्रसिद्धि पावली. पहिल्या महायुद्धांत शिपायांचे पाय खंदकांतील चिखलानें कुजूं लागले तेव्हां कोरड्या मोज्यांची केवढी निकड भासली, आणि इंग्लंड-अमेरिकेंत शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्व कसे विणूं लागले, तो इतिहास सर्वश्रुत आहे.

घरोघरीं मात्र सामान बेताचें असे. विकतच्या सुया मिळाल्या नाहींत तर सायकलच्या चाकाच्या तारा घासून घेत. मोडक्या छत्रीच्या काड्याही चालत. आणि लोकर कधीं वायां जात नसे. कापडाचा सदरा एकदां कातरला कीं कातरला. विणलेला स्वेटर शेवटचा टांका सोडून ओढीत गेलें कीं मुळारंभीचा धागा सबंध हातीं येतो. थोरल्याचा स्वेटर तोकडा झाला म्हणजे तो उसवीत. दोन मुलें समोरासमोर बसवून त्यांच्या हातांवर लड घालीत. मग ती धुऊन, खालीं तांब्या बांधून दोरीवर टांगीत, म्हणजे धाग्यांतले वळसे सरळ होत. दुसऱ्या दिवशीं गुंडा. आठवड्यानें धाकट्याचा स्वेटर, आणि लोकर कमी पडली तर बाह्यांस वेगळा रंग. आमच्या घरीं एक विटकरी लोकर तिघां भावंडांच्या अंगावरून फिरून शेवटीं माझ्या पुतण्याच्या टोपड्यांत विसावली. तें टोपडें घालूनच तो देवळांत आला. फादर पाणी ओतण्यापूर्वीं तें काढावयास विसरले, ही गोष्ट आमच्याकडे अद्यापि दर नाताळांत निघते.

यांतील सुख कशांत आहे हें विणणारीस विचारलें तर ती हंसते. मला वाटतें तें मोजण्यांत आहे. जपमाळेच्या मण्यांवर बोटें फिरतात तेव्हां संख्येची काळजी बोटें वाहतात आणि मन मोकळें होतें, विणकामांतही तसेंच. कित्येक वृद्ध भगिनींच्या पिशवींत माळ व लोकरीचा गुंडा एकत्रच असत, व दोन्हींचा गुंता होई. एका आजीनें तर टांक्यांच्या ओळी मण्यांवर मोजल्याचें कबूल केलें होतें; हें पाप आहे काय, असें तिनें फादरांस विचारलें. उत्तर काय मिळालें तें तिनें सांगितलें नाहीं, पण मोजणें सोडलें नाहीं एवढें खरें. अलीकडे, २०१३ सालीं, ब्रिटनमधील एका शास्त्रीय नियतकालिकांत ३,५४५ विणणाऱ्यांच्या उत्तरांवरून असें प्रसिद्ध झालें कीं, जीं माणसें वारंवार विणतात त्यांना अधिक शांत व समाधानी वाटतें. स्वतःच्याच सांगण्यावरचा हा निष्कर्ष असल्यानें त्याची मर्यादा उघड आहे. पण आमच्या आज्यांस हा प्रश्न कोणीं विचारलाच नव्हता.

आतां लुधियान्याचा यंत्रावरचा स्वेटर शहापूरच्या बाजारांत हातकामाच्या लोकरीपेक्षां स्वस्त मिळतो. गुंडाही बहुधा मेंढीचा नसतो. तो कारखान्यांतील कृत्रिम धागा असतो. काटकसरीसाठीं विणण्याचें कारण उरलें नाहीं. तरी कसारा गाडीच्या बायकांच्या डब्यांत अधूनमधून एखादी तरुण मुलगी भ्रमणध्वनीवर चित्र पाहत विणतांना दिसते. तिच्याकडे मीं मुद्दाम पाहिलें आहे. सरळ विणी ती झरझर करते, जाळीही साधते. मोज्याच्या टांचेपाशीं आली कीं थांबते. टांच वळविणें हें चित्रावरून कळत नाहीं. अर्धेच टांके विणून परत फिरावयाचें, पुन्हां एक कमी करावयाचा, आणि सपाट कामास एकाएकीं खोली आणावयाची; तेथें शेजारीं कोणीतरी बसावें लागतें.

मावशी गेली तेव्हां तिच्या पेटींत एक मोजा निघाला. पाय घोट्यापर्यंत उतरला आहे, टांच निम्मी वळली आहे, चारही सुया जागच्या जागीं आहेत. आम्हीं तो उसवला नाहीं. महोत्सवाच्या दिवशीं देवळाच्या सभागृहांतील मेजावर, जुन्या वेदीवस्त्रांच्या शेजारीं, तो ठेवणार आहोंत. ज्या भगिनींस टांच वळवितां येते त्यांनीं प्रार्थनेनंतर थोडा वेळ त्या मेजापाशीं थांबावें. बाजूस एक रिकामी खुर्ची आणि लोकरीचा नवा गुंडा ठेविलेला असेल.