कॅमेऱ्याची साक्ष

कॅमेरा खोटे बोलत नाही, अशी एक समजूत गेल्या सव्वाशे वर्षांत जगभर रूढ होऊन बसली आहे. समजूत भाबडी खरी, पण तिच्यामागे काही एक कारण आहे. चित्रकाराने रंगविलेला वाघ त्याच्या मनातला असू शकतो. कॅमेऱ्याने टिपलेला वाघ निदान कुठेतरी उभा होताच. या एका भांडवलावर अनुबोधपट नावाचा चित्रप्रकार उभा राहिला. तो जोवर शेती, कालवे आणि लोकनृत्ये दाखवीत असतो तोवर त्याच्या खरेपणाविषयी कोणी शंका घेत नाही. तो राजकारणावर बोलू लागला की मात्र, ‘हा एकांगी आहे’ अशी ओरड होते. ही ओरड बहुधा खरी असते. प्रश्न असा की, एकांगी असणे आणि अप्रामाणिक असणे ही एकच गोष्ट आहे काय? आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचा निदान पन्नास वर्षांचा इतिहास हाताशी आहे, आणि तो पुरेसा झणझणीत आहे.

मराठी माणसाचा या कलेशी संबंध तसा त्याहूनही जुना. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचे मुंबईत जे स्वागत झाले, तेही त्यांनी फिल्मवर घेतले. या चित्रांत खोटे काहीच नव्हते. पण त्या वर्षांत त्याच मुंबईत प्लेगाने माणसे मरत होती, हे विसरून चालणार नाही. कॅमेरा सत्काराकडे वळला म्हणजे त्याची पाठ आणखी कशाकडे तरी वळलीच. सावेदादांना दोष देण्याचे कारण नाही. निवड ही पहिल्या दिवसापासून या धंद्याला चिकटलेली आहे, एवढेच सांगायचे आहे.

ज्यांना राजकारणाशी काही कर्तव्य नव्हते अशांनीही काय केले ते पाहावे. १९२२ सालचा फ्लॅहर्टीचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा अनुबोधपटांचा आद्य पुरुष मानला जातो. त्यातल्या एस्किमोचे नाव नानूक नव्हते, त्याचे बर्फघर छायाचित्रणाच्या सोयीसाठी अर्धेच बांधले होते, आणि बंदूक वापरणाऱ्या त्या लोकांना कॅमेऱ्यासमोर जुन्या भाल्याने शिकार करायला लावले होते. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, बस्तरच्या नारायणपूर भागात गढ बेंगाल नावाचे मुरिया गोंडांचे गाव आहे. अर्ने सुक्सडॉर्फ नावाच्या स्वीडिश दिग्दर्शकाने तेथे येऊन चित्रपट काढला. तो १९५७ साली प्रदर्शित झाला. वाघाच्या बछड्यांबरोबर खेळणारा त्यातला चेंद्रू नावाचा मुलगा युरोपात घरोघरी ठाऊक झाला. त्याला स्वीडनलाही नेऊन आणले. नंतर तो आपल्या गावी परतला, गरिबीत जगला आणि २०१३ साली वारला. त्या चित्रपटाला कोणी प्रचारकी म्हणत नाही. रानातला माणूस म्हणजे वाघाचा सवंगडी, असे जे एक चित्र त्याने जगाच्या मनावर ठसविले, त्याला पक्षपात हा शब्द लावावा असे कोणाला वाटत नाही. मला वाटते. आमच्या वर्गात गोंड-कोलामांची मुले बसतात. त्यांची अंकगणिते चुकतात आणि बरोबरही येतात, पण त्यांतले एकही मूल बछड्याच्या गळ्यात हात टाकून शाळेत आलेले नाही.

आता सरकारी अनुबोधपटांकडे वळू. १९४८ मध्ये केंद्र सरकारने मुंबईस फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले. प्रत्येक चित्रपटगृहाने मुख्य खेळापूर्वी त्याचे वार्तापट व अनुबोधपट दाखविलेच पाहिजेत, अशी परवान्याचीच अट होती. वर उत्पन्नाचा सुमारे शेकडा एक हिस्सा भाड्यादाखल द्यावा लागे. धरणे, पोलादाचे कारखाने, परदेशी पाहुणे, महापूर आणि त्यावर धावून आलेली मदत, हे सगळे एका भारदस्त आवाजात सांगितले जाई. तो आवाज कोणाचा, हे कळत नसे, आणि हीच त्या आवाजाची ताकद होती. त्याला गाव नव्हते, जात नव्हती, मत नव्हते. असा सूर कानी पडला की मनुष्य नकळत मान डोलावतो. भाषेतच पक्ष कसा लपतो याचे एक उदाहरण आम्हां राजुरा-कोरपन्याकडच्यांच्या घरचेच आहे. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत रणगाड्यांसह फौज हैदराबाद राज्यात शिरली आणि ते राज्य भारतात आले. या घटनेचे अधिकृत नाव ‘पोलीस कारवाई’! कारवाई योग्य होती असे माझेही मत आहे. पण पोलीस रणगाडे घेऊन फिरत नाहीत, हे चौथीच्या मुलालाही कळते. सरकारी संस्थेत गुणी माणसे नव्हती असे मात्र नाही. शास्त्री, सुखदेव यांच्यासारख्यांनी तिथे राहूनही मनाला भिडणारे पट काढले.

या चाकोरीबाहेर पाऊल टाकणाऱ्याला कात्री कशी लागते, हे ख्वाजा अहमद अब्बास यांनी अनुभवले. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या शहरांतली श्रीमंती व दैन्य शेजारी-शेजारी मांडणारा त्यांचा छोटा पट सेन्सॉरने वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून अडविला. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० साली निकाल दिला तो सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी. हे आमच्या नागपूरच्या हायकोर्टातून वर गेलेले गृहस्थ. चालते चित्र इतर कोणत्याही कलेपेक्षा मनाला अधिक खोल हलविते, म्हणून त्याची पूर्वतपासणी घटनेला धरून आहे, असे त्यांनी ठरविले. मात्र तपासणीचे नियम संदिग्ध असू नयेत, हेही बजावले. पुढचे सारे झगडे या निकालाच्या सावलीत झाले.

आणीबाणीच्या दोन वर्षांत हा प्रश्न जितका उघडा पडला तितका क्वचितच पडला असेल. मुंबईचे आनंद पटवर्धन हे तेव्हा पंचविशीतले तरुण होते. १९७४ च्या नोव्हेंबरात जयप्रकाशजींच्या पाटण्यातील मोर्चाच्या वेळी त्यांनी मागून आणलेल्या कॅमेऱ्यांवर चित्रण केले, आणि त्यातून ‘क्रांती की तरंगें’ हा पट झाला. आणीबाणी आल्यावर त्याची प्रत तुकडे करून देशाबाहेर पाठवावी लागली. दुसऱ्या बाजूला सुखदेव. त्यांची कला कोणत्याही तोलावर पटवर्धनांच्या त्या पहिल्या प्रयत्नापेक्षा वरचढच ठरेल. त्यांनी १९७६ साली ‘थंडर ऑफ फ्रीडम’ काढला आणि आणीबाणीचे गुण गायिले. दोघेही एकांगी. मग फरक कुठे? एकाच्या विरोधात बोलणाऱ्यांना तेव्हा सारी आकाशवाणी मोकळी होती. दुसऱ्याच्या विरोधात बोलू शकणारे तुरुंगात होते. ज्याला उत्तर देणारा गजाआड आहे, त्याची साक्ष कितीही सुबक असो, तिला उलटतपासणी नाही.

पटवर्धनांच्या बाजूने मला जी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते ती यानंतरची आहे. १९७८ साली त्यांनी राजकीय कैद्यांवर ‘ज़मीर के बंदी’ काढला. आणीबाणी संपली होती, तिला शिव्या देण्याचे दिवस आले होते. त्या लाटेवर बसणे सोपे होते. त्यांनी आणीबाणीपूर्वीचे कैदी दाखविले आणि नव्या राजवटीतही आत राहिलेले दाखविले.

१९८५ चा ‘हमारा शहर’ हा मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडण्याविषयीचा. फुटपाथवासीयांच्या हकालपट्टीचा खटला सर्वोच्च न्यायालयात याच वर्षी निकालात निघाला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे मान्य झाले, आणि झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम राहिला. चित्रपटात सुखवस्तू नागरिकांची बोलणी एकीकडे आणि मोडलेली घरे दुसरीकडे, असे सांधे जागोजागी आहेत. हे सांधे पाहणाऱ्याला चिडवितात, आणि चिडविण्यासाठीच ते घातले आहेत. श्रीमंतांना हा अन्याय वाटला तर त्यांना चूक म्हणता येणार नाही. पण याच चित्रपटात रस्त्यावरची एक बाई कॅमेऱ्याकडे पाहून खुद्द दिग्दर्शकालाच फैलावर घेते: गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमवाल, आमच्या पदरात काय पडणार? संकलनाच्या टेबलावर हा तुकडा टाकून देणे क्षणाचे काम होते. कोणाला कळलेही नसते. तो ठेवला, आणि त्यावर खुलासाही जोडला नाही. मुलांचे निबंध तपासताना मी एक पाहतो: स्वतःच्या मताविरुद्धचा मुद्दा ज्याने आपण होऊन लिहिला, त्याचा निबंध विश्वासाने वाचावा.

या कसोटीवर त्यांचे सगळेच उतरते असे नाही. ‘राम के नाम’ (१९९२) मध्ये काही तरुणांना राम कोणत्या काळी जन्मला असे विचारले आहे. त्यांना सांगता येत नाही, आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. मला तो हशा आवडत नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मसालावर अडखळणारे पदवीधर मी पाहिले आहेत. त्यांच्या भक्तीला त्याने बाध येत नाही. श्रद्धेला तारीख विचारून गोंधळात पाडणे ही वकिलाची हुशारी झाली. पण त्याच चित्रपटात रामजन्मभूमीच्या मंदिराचे पुजारी लालदास शांतपणे बोलतात, हा वाद पैशासाठी आणि मतांसाठी चालला आहे, असे म्हणतात. तो तुकडा कोणाला हसवीत नाही. १९९३ च्या नोव्हेंबरात लालदासांचा गोळी घालून खून झाला. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, तरी तो दूरदर्शनवर येण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. ‘जंग और अमन’ला सेन्सॉरने एकवीस ठिकाणी कात्री सुचविली; २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो अखंड सोडविला.

‘हमारा शहर’मध्ये विलास घोगरे नावाचे शाहीर गातात. पुढे ते ज्या डाव्या पथकात गात होते त्यातून त्यांना दूर करण्यात आले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, दहा माणसे गेली. गॅसचे टँकर पेटवून दिले जातील अशी भीती होती, असे पोलिसांचे म्हणणे. चौकशी आयोगाने गोळीबार समर्थनीय मानला नाही. १५ जुलैला घोगऱ्यांनी डोक्याला निळे फडके बांधून गळफास घेतला.

पटवर्धन तेथून चौदा वर्षे या विषयाच्या मागे राहिले. ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून लांब पट त्यातून निघाला. २००९ साली संबंधित फौजदाराला जन्मठेप झाली आणि पुढे उच्च न्यायालयात ती स्थगित झाली, तोवर कॅमेरा चालूच होता. या चित्रपटाचा पक्ष कोणता, हे नावातच लिहिले आहे. पण निळ्या झेंड्याच्या पुढाऱ्यांनी कोणाकोणाशी घरोबा केला ते त्यात आहे, आणि लाल झेंड्याला आपल्याच शाहिराची जात, त्याचे दुःख का दिसले नाही, तेही आहे. दिग्दर्शकाचा स्वतःचा ओढा लाल रंगाकडे, हे त्याच्या चाहत्यांना ठाऊक आहे. त्या रंगाला सर्वात जास्त लागेल असे वाक्य त्याने घोगऱ्यांच्या डोक्याला बांधलेल्या फडक्याकडून वदविले.

जानेवारी २०१२ मध्ये हा चित्रपट भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत उघड्यावर पडदा लावून दाखविला गेला. ज्यांच्याविषयी तो होता, तीच माणसे समोर बसली होती.