काट्याने काटा, मेणाने मेण

अलास्कात आणि उत्तर कॅनडात 1920 आणि 30 च्या दशकांत विमानं चालवणाऱ्यांचं काम विमान जमिनीला टेकलं म्हणून संपत नसे. गोठलेल्या तळ्यावर विमान उभं केलं, की इंजिन गरम असतानाच त्याचं बूच उघडायचं, सगळं ऑइल डब्यात काढून घ्यायचं आणि डबा घेऊन मुक्कामाच्या झोपडीत शिरायचं. रात्रभर डबा शेगडीजवळ. सकाळी इंजिनावर कॅनव्हासचं आवरण टाकून आत स्टोव्ह पेटवायचा. इंधनाने ओशटलेल्या यंत्राखाली ज्वाळा पेटलेली, त्यामुळे कुणीतरी आग विझवायची तयारी ठेवून डोळ्यात तेल घालून बसायचं. इंजिन पुरेसं तापलं की गरम ऑइल पुन्हा ओतायचं आणि वेळ न दवडता पंखा फिरवायचा. ऑइल काढायचं विसरलं, तर सकाळी इंजिनात काळपट रबडी मिळायची आणि उड्डाण राहून जायचं.

पाणी शून्य अंशाला गोठतं, तसा तेलाचा एक ठरलेला आकडा नसतो. जमिनीतून निघालेल्या तेलात शेकडो संयुगं एकत्र नांदतात. गारठा वाढेल तसं सगळंच मिश्रण दाट होत जातं, ही एक अडचण. दुसरी अडचण अधिक कपटी आहे. तेलात विरघळलेलं मेण गारठ्यात बाहेर पडतं, त्याचे चपटे, पातळ स्फटिक होतात आणि ते एकमेकांना टेकत, आडवेतिडवे रचले जातात. पत्त्यांचा बंगला उभा राहावा तशी ही रचना. पत्ते थोडेच, पण बंगला केवढी तरी जागा अडवतो, आणि त्याच्या खोल्यांमध्ये अजून पातळ असलेलं तेल कोंडलं जातं. मेणाचं प्रमाण शेकडा एक-दोन असलं तरी सगळं तेल थिजायला तेवढं पुरतं.

हे मेण तेलधंद्याच्या जन्मापासून सोबत आहे. 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी एडविन ड्रेकची विहीर लागली. पंपांच्या दांड्यांवर एक मेणचट किटण साठायचं आणि ते खरवडण्यात कामगारांचा वेळ जायचा. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या तरुण रसायनज्ञाने ते किटण न्यूयॉर्कला नेलं, शुद्ध केलं आणि व्हॅसलीन म्हणून विकायला काढलं. शुद्धीकरण कारखान्यांनीही तेल थंड करून, दाबाखाली कापडातून गाळून मेण वेगळं केलं आणि त्याच्या मेणबत्त्या केल्या. विकता येत होतं तोवर मेण म्हणजे वरकमाई होती.

मोटारगाडी आली आणि हिशेब बदलला. 1912 मध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडल मारण्याची कसरत सुटली. 1920 च्या दशकात छतवाल्या, बंद गाड्या सर्रास झाल्या. आधी हिवाळ्यात गाडी शेडमध्ये ठेवून देणारी माणसं आता बर्फातही ऑफिसला निघाली. थिजलेलं ऑइल ही वैमानिकाची अडचण होती, ती आता कारकुनाच्या दारात आली.

दाटपणा कसा मोजायचा, यावरही तेव्हा एकवाक्यता नव्हती. प्रत्येक विक्रेता आपलं ऑइल उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखंच चालतं, असं सांगायचा. 1929 मध्ये न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलकडचे ई. डब्ल्यू. डीन आणि जी. एच. बी. डेव्हिस यांनी त्याला एक मोजपट्टी दिली. पेनसिल्व्हेनियाच्या तेलाचा दाटपणा तापमानागणिक सर्वांत कमी बदलतो, म्हणून त्याला 100 गुण. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या तेलाचा सर्वांत जास्त बदलतो, म्हणून त्याला शून्य. बाकीची तेलं या दोन टोकांच्या मध्ये बसवायची. हाच व्हिस्कॉसिटी इंडेक्स. पुढे 100 च्या वरची तेलं निघाली आणि पट्टी ताणावी लागली, पण नाव आणि कल्पना तीच राहिली.

गंमत अशी, की 100 गुण मिळवणारं तेलच थंडीत आधी थिजायचं. पेनसिल्व्हेनियाच्या तेलाचे लांबलचक, सरळ रेणू हा त्याचा गुण, आणि त्यांतलेच अधिक लांब आणि सरळ रेणू म्हणजे मेण. आखाताकाठच्या तेलात मेण जवळपास नाही, ते कडाक्याच्या थंडीतही ओघळतं, पण तापलेल्या इंजिनात पाण्यासारखं पातळ होतं. मेण सगळंच्या सगळं काढून टाकावं, तर गारठवण्याचा खर्च वाढतो आणि मेणाबरोबर चांगलं तेलही जातं. शुद्धीकरण करणारे कुठेतरी मध्यावर थांबायचे आणि हिवाळ्यातल्या तक्रारी ऐकून घ्यायचे.

त्यावर उपाय पट्टी आखणाऱ्या डेव्हिसनेच काढला. जुलै 1931 मध्ये त्याला अमेरिकी पेटंट मिळालं. त्यातली कृती वाचताना हसू येतं, कारण तेलाला मेणाचा त्रास होतो म्हणून तो मेणच घेतो. मेणबत्तीच्या जातीच्या मेणात क्लोरीन वायू सोडायचा. मग हे क्लोरीनयुक्त मेण आणि नॅफ्थलीन, म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्यांचा पदार्थ, यांना अॅल्युमिनियम क्लोराइडच्या संगतीत जोडायचं. ही जोडणी 1877 पासून फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांच्या नावाने रसायनशाळांत रुळलेली होती, तिच्यात नवं काही नव्हतं. हाती येणारा दाट पदार्थ मेणकट तेलात शेकडा एकाहूनही कमी मिसळला, की तेल ज्या तापमानाला थिजत होतं त्याच्या खाली दहा-पंधरा अंश, कधी त्याहून बरंच खाली वाहत राहायचं. 'पॅराफ्लो' या नावाने तो बाजारात आला. काट्याने काटा काढतात, हे इथे शब्दशः घडलं.

पॅराफ्लो घातल्याने मेण कमी होत नाही. ज्या तापमानाला तेलात पहिला धुरकटपणा दिसतो, तेही फारसं हलत नाही. बदलते ती स्फटिकांची ठेवण. या रेणूंना मेणासारख्याच लांब शेपट्या असतात. स्फटिक वाढताना आपल्याच जातीचा रेणू समजून त्यांना रांगेत घेतो. पण शेपटीमागे अवजड धड असतं, ते रांगेत बसत नाही, आणि पुढच्या मेणरेणूला जागाच उरत नाही. पातळ, रुंद पत्र्याऐवजी बारीक, आटोपशीर कण तयार होतात. ते तेलात सुटे तरंगतात, त्यांचा बंगला होत नाही. सुरुवातीला काहींना वाटे, की हे रसायन स्फटिकांवर पुटासारखं चढतं. मेणाच्या रांगेत शिरून ती मोडण्याचं स्पष्टीकरण पुढे अधिक मान्य झालं. दोष घालवायचा नाही, त्याची एकजूट होऊ द्यायची नाही, हे या तंत्राचं सूत्र आजही तेच आहे.

परीक्षाही साधी होती आणि आहे. काचेच्या बरणीत ठरलेल्या खुणेपर्यंत तेल भरायचं, बुचातून थर्मामीटर आत सोडायचा, तेल आधी थोडं तापवायचं आणि मग थंड करत जायचं. दर तीन अंशांनी बरणी बाहेर काढून तिरकी करायची. पृष्ठभाग हलला की पुन्हा आत. एक वेळ येते, बरणी पूर्ण आडवी धरली आणि पाच सेकंद वाट पाहिली तरी तेल जागचं हलत नाही. त्या तापमानात तीन अंश मिळवले की झाला पोअर पॉइंट. ऑइलच्या माहितीपत्रकात उणे 30, उणे 36, उणे 42 असे तिनाच्या पटीतले आकडे दिसतात, त्यामागे ही आडवी बरणी आहे.

डेव्हिसचा पदार्थ पॉलिमर म्हणावा का, हा त्या काळी वादाचाच विषय झाला असता. हजारो अणूंचा एक सलग रेणू असू शकतो, असं जर्मनीत हेर्मान श्टाउडिंगर 1920 पासून सांगत होते आणि नामवंत रसायनज्ञ ते मानायला तयार नव्हते. त्यांना नोबेल मिळायला 1953 उजाडलं. तोवर असे रेणू गाड्यांच्या इंजिनांत बिनबोभाट फिरत होते.

मुद्दाम घडवलेले, नेमक्या मापाचे पॉलिमर वेगळ्याच घराण्यातून आले. ओटो रोएम यांनी 1901 मध्ये अॅक्रिलिक आम्लाच्या पॉलिमरवर प्रबंध लिहिला. 1907 मध्ये त्यांनी ओटो हास यांच्याबरोबर कंपनी काढली, पण ती चालली कातडी कमावण्याच्या रसायनावर. हास 1909 मध्ये फिलाडेल्फियाला गेले आणि तिथे शाखा वाढली. 1933 मध्ये या घराण्याचं प्लेक्सिग्लास आलं. त्याचा रेणू म्हणजे एक लांब कणा आणि त्याला एका कार्बनचे आखूड फाटे. हे प्लास्टिक तेलात विरघळत नाही. अमेरिकी शाखेतल्या हर्मन ब्रुसनने त्या एका कार्बनच्या जागी बारा, सोळा, अठरा कार्बनच्या शेपट्या लावल्या. खिडकीची काच होणारा पदार्थ आता तेलात विरघळू लागला. 1937 मध्ये त्याला याची पेटंटं मिळाली.

या शेपट्यांचा एक उगम कोकणी वाचकाला ओळखीचा वाटेल. बारा कार्बनचं लॉरिल अल्कोहोल खोबरेल तेलापासून मिळतं. जे तेल डिसेंबरात बाटलीत पांढरं होऊन बसतं, त्याच्याच रेणूची शेपटी इंजिन ऑइलला थिजू न देणाऱ्या पॉलिमरला लागली!

ब्रुसनच्या पॉलिमरने दोन कामं साधली. जास्त घातला तर तो तापलेलं तेल पातळ होऊ देत नाही, म्हणजे व्हिस्कॉसिटी इंडेक्स वाढवतो. शेपट्यांची लांबी मेणाशी जुळवून अगदी थोडा घातला, तर पोअर पॉइंट उतरवतो. पॅराफ्लोमध्ये शेपटीची लांबी मेणात असेल तीच यायची, इथे ती हवी तशी निवडता येत होती. कंगव्याच्या आकाराचे हे पॉलिमेथाक्रिलेट अजून या धंद्याचा कणा आहेत.

दुसऱ्या महायुद्धाने थिजलेल्या तेलाची किंमत दाखवली. 1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर जर्मन सैनिक रणगाड्यांच्या इंजिनांखाली आगी पेटवत होते. ऑइलमध्ये पेट्रोल मिसळून ते पातळ करण्याची युक्ती दोन्ही बाजूंनी वापरली, आणि अमेरिकी विमानांत तर त्यासाठी खास यंत्रणा होती. इंजिन तापलं की पेट्रोल उडून जायचं. रसायनं होती, तरी सगळा भार त्यांच्यावर टाकायला सेनापती तयार नव्हते.

त्यांची ही शंका अगदीच निराधार नव्हती, हे चाळीस वर्षांनी कळलं. 1980-81 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्स शहरात गाड्यांची इंजिनं बसू लागली. ऑइल नामवंत प्रतीचं, पोअर पॉइंट नियमात. बरणीची परीक्षा ते सहज उत्तीर्ण झालं असतं. पण बरणीत तेल भराभर थंड होतं, आणि उभ्या गाडीत ते दोन-दोन दिवस सावकाश निवत जातं. त्या संथ उतरणीत स्फटिकांना रचना करायला सवड मिळाली. सकाळी गाडी सुरू झाली, पंपाने नळीच्या तोंडाजवळचं तेवढं ऑइल ओढलं, तिथे खड्डा पडला, आणि भोवतालचं थिजलेलं ऑइल खड्ड्यात ओघळलंच नाही. पंप हवा ओढत राहिला, बेअरिंगं कोरडी फिरली. त्यानंतर तेलाला दोन दिवस हळूहळू थंड करून मग पंपाला ते झेपेल का, हे पाहणारी परीक्षा आली. डब्यावरच्या 5डब्ल्यू-30 मधला 'डब्ल्यू', म्हणजे विंटर, मिळवायला आता तीही पार करावी लागते.

प्रत्येक तेलातलं मेण वेगळ्या लांबीचं, त्यामुळे एका तेलाला लागू पडलेलं रसायन दुसऱ्याला पडेलच असं नाही. मात्रा जास्त झाली तर पोअर पॉइंट उलट वर चढतो. सिद्धांत भरपूर लिहिला गेला, तरी प्रयोगशाळेत अजूनही दहा-बारा नमुने वेगवेगळ्या मात्रेत मिसळून बघावेच लागतात. 1993 मध्ये शेवरॉनने कॅलिफोर्नियातल्या रिचमंड कारखान्यात मेण काढण्याऐवजी त्याचा सरळ रेणू वाकडा करण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. वाकडे रेणू रांगेत बसत नाहीत आणि मेणाचंच उत्तम तेल होतं. तरीही थोडे सरळ रेणू निसटतातच, आणि चिमूटभर पॉलिमर घालावाच लागतो.

भारतात ही अडचण बर्फाशिवायही भेटते, कारण इथलं कच्चं तेलच मेणाने भरलेलं. 1974 मध्ये सागर सम्राट या समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने शोधलेल्या बॉम्बे हायचं तेल तिशीच्या आसपास तापमानालाच थिजू लागतं, म्हणजे मुंबईच्या हिवाळ्यातली सकाळही त्याला गारठाच. आसामातल्या नाहरकटियाचं तेलही त्याच जातीचं. बरौनीपर्यंतच्या लांब पाइपलाइनमध्ये सोडण्याआधी ते नव्वद अंशांच्या पुढे तापवून ठरावीक गतीने निववत, म्हणजे मेणाचे स्फटिक निरुपद्रवी आकाराचे होत. वेग चुकला तर सगळी मेहनत वाया. राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रात, जे 2004 मध्ये सापडलं, तेल बेचाळीस अंशांच्या आसपासच घट्ट होतं. तिथे रसायनाच्या भरवशावर न राहता गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणारी सुमारे 670 किलोमीटरची पाइपलाइनच उष्णतारोधक आवरणात घालून विजेने तापती ठेवली आहे, आणि आतलं तेल सगळा रस्ता 65 अंशांच्या वर ठेवावं लागतं.