खुनी सापडल्यानंतर

रहस्यकथेचे शेवटचे पान आधी वाचू नये असा एक अलिखित दंडक आहे, आणि तो मोडणारी मंडळी आमच्या कोल्हापुरात थोडीथोडकी नाहीत. वाचनालयाच्या पुस्तकावर कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असते आणि पुढचे दहा वर्गणीदार त्याला शिव्या देत तेच पुस्तक आवडीने वाचतात. याचे कारण उघड आहे. खुनी कोण, याहून तो शेवटी पकडला जातो की नाही, यात वाचकाचा जीव अडकलेला असतो.

ही सवय आजची नव्हे. आज करवीर नगर वाचन मंदिर या नावाने नांदणारी संस्था कोल्हापुरात १८५० साली स्थापन झाली. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, आणि १८६८ मध्ये रिसबुडांची ‘मंजुघोषा’. सज्जनांवर संकटांचे डोंगर कोसळावेत, दुर्जनांची काही काळ चलती व्हावी, आणि शेवटी सर्व हिशेब चुकते व्हावेत, हा त्या अद्भुत कथांचा बाज होता. मराठी वाचकाची भूक या ताटावर वाढली.

पुढे हेच ताट बाबूराव अर्नाळकरांनी घरोघर पोहोचवले. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड ही नावे पन्नास-साठ वर्षांपूर्वी शाळकरी पोरांना पाढ्यांपेक्षा पाठ होती. काळा पहाड तर कायद्याच्या बाहेरचा माणूस. पण तो गरिबाच्या बाजूचा, म्हणून वाचकाचा. कायदा जिथे लंगडा पडतो तिथे हा धावून येई. विद्वानांनी अर्नाळकरांना साहित्याच्या पंगतीला कधी मानाचे पान मांडले नाही. मला ते अन्यायाचे वाटते. ज्यांच्या आयुष्यात एकही हिशेब कधी चुकता होत नाही अशा लाखो माणसांना त्यांनी चार आण्या-आठ आण्यांत न्याय झालेला दाखवला.

गंमत अशी, की वाङ्मयाने माणसाला काय द्यावे या प्रश्नावर मराठीतले सर्वांत गाजलेले भांडण आमच्याच गावाच्या साक्षीने झाले. राजाराम कॉलेजात शिकवणारे ना. सी. फडके ‘कलेसाठी कला’ म्हणत, आणि १९३८ पासून कोल्हापुरात राहिलेले वि. स. खांडेकर ‘जीवनासाठी कला’ म्हणत. दोन्ही पक्षांनी शाई भरपूर खर्च केली, परंतु रहस्यकथा मात्र त्या वादात दाराबाहेरच राहिली. ती निव्वळ करमणूक. तिच्यात जीवन कुठले, असा सर्वांचाच समज.

हा समज दूर उत्तरेत, स्वीडनमध्ये, एका जोडप्याने मोडून काढला. माय श्योवाल आणि पेर वालू. मुले झोपली की रात्री दोघे समोरासमोर बसत आणि एकाने एक प्रकरण लिहिले की दुसरे दुसऱ्याने, अशा पद्धतीने त्यांनी १९६५ ते १९७५ या काळात दहा कादंबऱ्या लिहिल्या. पेर १९७५ सालीच वारले. दोघेही डाव्या विचारांचे. सरकार पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत काळजी घेते अशी त्यांच्या देशाची जगभर कीर्ती; पण त्या झकपक घराच्या मोरीत काय तुंबले आहे, ते त्यांना दाखवायचे होते. म्हणून त्यांनी खांडेकरांचे हत्यार फडक्यांच्या म्यानात घातले, असे म्हटले तर दोन्ही गुरुजनांनी मला क्षमा करावी.

त्यांची पहिली कादंबरी ‘रोझॅना’. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते, त्यामुळे इंग्रजी भाषांतर शब्दकोश उशाला घेऊन वाचले. एका कालव्यातला गाळ काढताना तरुण स्त्रीचे प्रेत सापडते. ती कोण, हे कळायलाच जवळजवळ तीन महिने जातात. ती अमेरिकेतली एक साधी ग्रंथपाल निघते, कालव्यातून जाणाऱ्या प्रवासी बोटीवर आलेली. मार्टिन बेक नावाचा पोलीस अधिकारी त्या बोटीवरच्या उतारूंना गाठून त्यांनी काढलेले फोटो गोळा करतो आणि तासन्तास न्याहाळत बसतो. ना पाठलाग, ना वेषांतर. त्याचे पोट बिघडलेले, संसारात गोडी नाही. खुनी सापडतो, पण पुस्तक मिटताना हाती आनंद काही लागत नाही.

ही गोष्ट मी आमच्या कट्ट्यावर चार संध्याकाळी सांगितली. पहिली प्रतिक्रिया गुऱ्हाळवाल्या मित्राची.

“मास्तर, खुनी गावला न्हवं? मग त्यो फौजदार तोंड पाडून का बसलाय?”

शेजारच्या काकू तिसऱ्या दिवसापासून येऊन बसल्या होत्या. खुन्याचे त्यांना फारसे काही वाटले नाही. “तीन महिने ती पोर नावावाचून पडून होती, हेच मला गिळवत नाही,” त्या म्हणाल्या. मला वाटते, कादंबरीचे मर्म आमच्यात त्यांनाच प्रथम कळले.

न्यायालयातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार मात्र भडकले. “हे असले वाचायला स्वीडन कशाला? मी उभी हयात हेच पाहिले. पुस्तकात तरी निकाल लागू द्या!”

त्यांच्या बोलण्याला वजन होते. स्वीडनचेच पाहा. २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री त्यांचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे पत्नीसह सिनेमा पाहून पायी घरी चालले असता त्यांना गोळी घातली गेली. तपास चौतीस वर्षे चालला आणि २०२० मध्ये एका मृत माणसावर संशय ठेवून बंद झाला. आणि आमच्या जिल्ह्याने काय पाहिले? १९९० नंतरच्या काही वर्षांत लहान मुले पळवून त्यांचे जीव घेणाऱ्या मायलेकी १९९६ मध्ये पकडल्या गेल्या. आई खटल्याआधीच मेली. दोघी मुलींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयाने फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. तरी दयेच्या अर्जावर लागलेल्या विलंबापायी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. फाशी असावी की नसावी हा वाद मी येथे काढत नाही. पण खुनी सापडल्यानंतर सव्वीसाव्या वर्षीही ज्यांच्या मुलांचे प्रकरण कागदावर चालूच होते, त्या आयांना अर्नाळकरांचे शेवटचे पान कुणी द्यायचे?

हे मी कट्ट्यावर बोललो तेव्हा शिरस्तेदार गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी ‘रोझॅना’ मागून घेऊन गेले. परवा त्यांच्याकडे फराळाला गेलो, तर पुस्तक टेबलावर होते. पहिल्या पानावर खुन्याचे नाव नव्हते. समासात मात्र त्यांनी कोर्टातल्या सवयीने पेन्सिलीने तारखा मांडल्या होत्या: प्रेत मिळाले तो दिवस, नाव कळले तो दिवस, आणि मध्ये गेलेले दिवस मोजून, खाली रेघ ओढून, बेरीज.