वाचणाऱ्याला ऐकणारा हवा



आजचा विषय ऐकायला सोपा आहे. माणूस वाचायला कसा शिकतो? आणि शिकल्यावर न अडखळता, न घाबरता वाचू लागतो, तो कधी? विषय शिक्षणशास्त्राचा आहे आणि आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. पण आज आपण याकडे इतिहासाच्या बाजूने बघणार आहोत, कारण या प्रश्नाची काही उत्तरे आपल्याच इतिहासात पडलेली आहेत आणि आपण ती फारशी उचललेली नाहीत.

आधी दोन गोष्टी शेजारी ठेवू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातले ८२ टक्क्यांहून अधिक लोक साक्षर आहेत. दुसरीकडे, २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी होते. तिच्यात पाचवीतल्या मुलासमोर दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात. तो वाचू शकणारी मुले देशभरात जेमतेम निम्मी निघतात, कधी त्याहूनही कमी. आता हा विरोध आहे का? नाही. जनगणनेत साक्षरता विचारून नोंदवतात, तपासून नाही. 'असर'मध्ये मूल एका माणसासमोर बसते आणि मोठ्याने वाचते. पहिल्या ठिकाणी आपण अक्षरओळख मोजतो, दुसऱ्या ठिकाणी वाचन. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच धरल्या की घोळ सुरू होतो.

'वाचणे' हा शब्दच बघा. तो 'वाच्' पासून आला, म्हणजे वाणीपासून. आपल्या भाषेत वाचन डोळ्यांचे नव्हते, तोंडाचे आणि कानाचे होते. 'पाणिनीय शिक्षा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या ग्रंथात चांगल्या पाठकाचे गुण सांगितले आहेत आणि वाईट पाठकाचे दोषही. गाऊन वाचणारा, घाईने वाचणारा, मान हलवत वाचणारा, अर्थ न कळता वाचणारा, बारीक आवाजात पुटपुटणारा, हे सगळे अधम पाठक. गंमत म्हणजे लिहिलेले समोर ठेवून वाचणाराही त्याच यादीत आहे, कारण ती परंपरा पाठांतराची. ते आपण सोडून देऊ. गुणांच्या यादीत मात्र तीन शब्द असे आहेत की आजच्या प्राथमिक शाळेच्या भिंतीवर लावावेत : पदच्छेद, लय आणि धैर्य. शब्द कुठे तुटतो ते कळणे, वाक्य वाहते ठेवणे आणि न घाबरणे.

यातल्या पदच्छेदाबद्दल भर्तृहरीला विचारू. 'वाक्यपदीया'त तो म्हणतो की अर्थाचे खरे एकक वाक्य आहे. अक्षरे आणि शब्द हे आपण अभ्यासाच्या सोयीसाठी पाडलेले तुकडे, अर्थ मात्र अखंड वाक्याचाच उमगतो. हे पंडिती वाटेल, पण दुसरीच्या वर्गात जाऊन बघा. मूल 'पा', मग 'व', मग 'सा', मग 'ळा' असे टिपत जाते. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तुकडे सगळे बरोबर, वाक्य गायब. अशा मुलाला आपण म्हणतो, 'अरे, लक्ष दे.' त्याचे सगळे लक्ष अक्षरांतच खर्च झाले हो, अर्थासाठी उरलेच नाही! अस्खलित वाचनाचे महत्त्व इथे आहे. ते शोभेसाठी नाही. अक्षरांवरचा खर्च कमी झाला तरच अर्थाला काही शिल्लक राहते.

आणि मराठीत हा खर्च कमी नाही. चौतीस व्यंजने आणि बारा स्वरचिन्हे धरली तरी बाराखडीची घरे ४०८ होतात. त्यावर जोडाक्षरे वेगळी. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपण तो घाट केव्हाच चढून आलो.

आता थोडे मागे जाऊ. छापखाने येण्यापूर्वी आपल्याकडे दोन लिप्यांचा कारभार होता. हिशेब, पत्रे, दप्तर मोडीत आणि पोथ्या बाळबोधीत. पंतोजींच्या शाळेत पोरे धूळपाटीवर अक्षरे गिरवत आणि पाढे, परवचा एका सुरात म्हणत. मोडीत ओळ आधी आखायची आणि तिला अक्षरे लटकवत जायची. शब्दांत जागा सोडायची रीत नव्हती. पोथीतही अक्षरे सलग. म्हणजे पदच्छेद वाचणाऱ्यानेच करायचा. हे ज्याला जमे तो गावचा पोथी वाचणारा आणि बाकीचे ऐकणारे. आपण आजही 'पोथी लावली' म्हणतो. एक वाचतो, एक अर्थ सांगतो, ओसरीभर माणसे ऐकतात. एकोणिसाव्या शतकात छपाईने बाळबोध घराघरात नेली, शब्द सुटे झाले, आणि मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने स्वल्पविराम, पूर्णविराम मराठीत रुळले. आज आपल्याला ती टिंबे-टिकल्या वाटतात. पण श्वास कुठे घ्यायचा, हे जे पूर्वी गुरूच्या तोंडून शिकावे लागे, ते आता कागद सांगू लागला. नवशिक्या वाचकाला मिळालेली ती फार मोठी मदत होती.

पण ही ओसरी सगळ्यांना खुली नव्हती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुष्कळ बायकांना ऐकण्यापुरतीच जागा होती आणि अस्पृश्य मानलेल्यांना तीही नाही. पाठकाचा तिसरा गुण धैर्य, असे आपण मघाशी म्हटले. ज्याने वाचलेले कुणी ऐकणारच नाही, उलट वाचले म्हणून शिक्षा होईल, त्याच्यात धैर्य कुठून येणार? म्हणून १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांनी अक्षरांबरोबर ऐकणाराही दिला. १८५५ साली त्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. दिवसभर राबलेल्या प्रौढ माणसांची शाळा! त्याच वर्षी जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि त्यातले शेतकरी जोडपे शेवटी रात्रशाळेची वाट धरते. आणि त्याच १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. वेद ज्यांचे म्हणून सांगतात ते आम्हाला ते पाहूही देत नाहीत, मग आमचा ग्रंथ कोणता आणि आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. फक्त अक्षरे ओळखणारी मुलगी हा सवाल करू शकत नाही. वाचून, समजून, त्याच्याशी भांडण्याइतकी ती पोचली होती.

दुसरे उदाहरण घरातले. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न होऊन रमाबाई पुण्यास आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी शिकवायला सुरुवात केली. मराठी झाले, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी जो छळ मांडला, टोमणे, अबोला, तो रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात संयमाने सांगितला आहे. पुढे मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत त्यांनी लोकांसमोर इंग्रजीत लिहिलेले वाचून दाखवले. घरी परतल्यावर त्याचीही किंमत मोजावी लागली. आपल्या विषयासाठी यातले लक्षात काय ठेवायचे? घरात चार तोंडे टोचत असताना एक माणूस रोज ऐकायला बसत होता. एका ऐकणाऱ्याने चौघांचा धाक पेलला.

वर्तमानपत्रांनी हीच रीत गावभर नेली. 'केसरी' एकाकडे यायचा आणि दहाजण ऐकायचे. १९१० पासून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' खेड्यातून चालवला, शेतकऱ्यांसाठी, त्यांच्या भाषेत. असा अंक पारावर वाचला जातो तेव्हा काय होते बघा. ऐकणाऱ्या पोराच्या कानात छापील मराठीची वाक्ये बसतात. पुढे तेच वाक्य कागदावर दिसले की ते अर्धे ओळखीचे असते. डोळ्याने अडखळले तरी कान हात देतो.

आता एक कष्टाचे उदाहरण. १९५९ मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षी, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. पुढे ती राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक दिवसा मुलांना आणि रात्री मोठ्यांना शिकवत. अख्खे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ, मिरवणूक, उत्सव. अंगठा उठवणारी माणसे सही करू लागली. सहीला हसू नका. सावकाराच्या आणि कचेरीच्या दारात सही करणारा माणूस वेगळा उभा राहतो. पण याच मोहिमेबद्दल नंतर जी खंत व्यक्त झाली, तीही खरी : पुष्कळांची अक्षरे पुन्हा पुसली गेली. असे का व्हावे? शिक्षक तर प्रामाणिक होते. आमच्या मते मोहीम अक्षरांपाशी संपली आणि वाचन तिथून सुरू व्हायचे होते. समारंभानंतर त्या माणसाने काय वाचायचे, आणि कुणापुढे? हातात रोजचे पुस्तक नाही, ऐकायला माणूस नाही. विहीर खणली, पाणी लागले, आणि रहाट बसवायचे राहिले.

याच्या उलट बाजूचे एक अलीकडचे गाव सांगतो. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. त्यांना नोकरी नको होती, दाखला नको होता. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली पोथी आपल्या तोंडाने वाचायची होती. जे वाचायचे ते कानाने आधीच पाठ, शेजारी बसलेल्या मैत्रिणी आणि घरी अभ्यास घेणारी नातवंडे. वाचक घडायला जे लागते, ते सगळे तिथे एकत्र आले.

आम्ही अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवले. पदवीच्या वर्गात उतारा मोठ्याने वाचायला सांगितला की चांगली बुद्धीची मुले खाली बघू लागत. प्रश्नाची उत्तरे देत, वाद घालत, पण वाचायला धजत नसत. कुठल्यातरी इयत्तेत ती चुकली असणार, वर्ग हसला असणार, आणि तेव्हापासून त्यांनी मोठ्याने वाचणे टाळले असणार. ती भीती वीस वर्षे टिकते, चाळीसही टिकते. म्हणून हा प्रश्न पहिलीपुरता नाही.

मग करायचे काय? इतिहासाने दिलेल्या चार गोष्टी सांगतो, त्यांना पैसा लागत नाही. पहिली, रोज दहा मिनिटे मुलाने किंवा मोठ्याने कुणालातरी वाचून दाखवावे. ऐकणारा आजोबा असो, बहीण असो, शेजारीण असो. स्वतः निरक्षर असलेली आईसुद्धा उत्तम ऐकणारी होऊ शकते. तिने फक्त 'मग पुढे काय झालं?' एवढे विचारावे. दुसरी, तोच उतारा दोनदा, तीनदा वाचू द्यावा. पारायणाची रीत आपल्याला ठाऊकच आहे. पहिल्या वेळी अक्षरे कळतात, दुसऱ्यांदा वाक्य लागते, तिसऱ्यांदा आवाजात अर्थ उतरतो. तिसरी, अडखळले की लगेच शब्द पुरवू नये. चार श्वास थांबावे, तेवढ्यात तो बहुधा सापडतो. वाक्य पुरे झाल्याशिवाय चूक काढू नये आणि हसू तर कधीच नये. चौथी, मोठ्या माणसाच्या हातात बालवाडीचे पुस्तक देऊ नये. त्याला त्याच्या कामाचे द्यावे : पीककर्जाचा अर्ज, बाजारभाव, अभंगाची गाथा, नातीचे पत्र. साठ वर्षांच्या अनुभवाला बाळबोध लिपी चालेल, बाळबोध मजकूर चालणार नाही.

शाळांनी, ग्रंथालयांनी, सरकारने जे करायचे ते त्यांनी करावेच. ती जबाबदारी घरांवर ढकलावी, असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या इतिहासात वाचणारी माणसे जिथे जिथे उभी राहिली, तिथे तिथे शाळेइतकेच ऐकणारे माणूस दिसते. रात्रशाळेतले जोतीराव, दिव्याजवळ बसलेले माधवराव, पारावरचे दहाजण, फांगण्यातल्या मैत्रिणी.

आज घरी गेल्यावर आपल्या घरात, शेजारात वाचायला बिचकणारे कोण आहे ते आठवा. आठ वर्षांचे असेल, अठ्ठावन्न वर्षांचे असेल. त्याला म्हणा, 'मला जरा हे वाचून दाखव.' आणि मग फोन बाजूला ठेवून ऐका.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.